अलायन्सबाहेरच्या विमानांचे माइल्स: पार्श्वभूमी

माइल्सच्या, म्हणजे विमानप्रवासावर गुण देऊन पुढे त्यांवर तिकिटं किंवा सवलती देण्याच्या योजना १९८१ मध्ये अमेरिकेत रुजल्या. १९९७ ते २००० या काळात स्टार, वनवर्ल्ड आणि स्कायटीम हे तीन अलायन्स, म्हणजे एकमेकींच्या प्रवाशांना माइल्स आणि सवलती देणाऱ्या विमान कंपन्यांचे गट, उभे राहिले. पुण्यातल्या नेहमीच्या विमानप्रवाशाला हे सांगायची गरज नाही. आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टारमध्ये दाखल झाली. तोवर एकही भारतीय कंपनी कुठल्याच अलायन्सची सदस्य नव्हती. किंगफिशर २०१२ च्या फेब्रुवारीत वनवर्ल्डमध्ये जायची होती. तो प्रवेश ऐनवेळी थांबला आणि त्याच वर्षी तिची विमानंही जमिनीवर आली. देशी विमानात बसून परदेशी कंपनीच्या खात्यात माइल्स जमवायचे, तर आधार एकच होता: त्या दोन कंपन्यांनी आपसात केलेला करार.

या पद्धतीचा खरा विस्तार जेट एअरवेजने केला. १९९३ मध्ये उडू लागलेली ही कंपनी अलायन्समध्ये कधीच गेली नाही. एकेका परदेशी कंपनीशी वेगवेगळे करार करत राहिली. २०१३ मध्ये एतिहादने तिच्यात २४ टक्के हिस्सा घेतला. मार्च २०१६ मध्ये तिचं युरोपातलं केंद्र ब्रुसेल्सहून ॲमस्टरडॅमला हललं आणि पुढच्याच वर्षी एअर फ्रान्स-केएलएमशी मोठा करार झाला. मुंबईहून जेटने ॲमस्टरडॅम, तिथून केएलएमने पुढे अमेरिका, असा प्रवास करणाऱ्या हिंजवडीतल्या इंजिनिअरला दोन्ही टप्प्यांचे माइल्स एकाच खात्यात घेता येत. पण केएलएम ज्या स्कायटीममध्ये, तिथल्या नेहमीच्या प्रवाशांना वरच्या दर्जामुळे मिळणाऱ्या सवलती जेटच्या विमानात आपोआप लागू होत नसत. माइल्स मिळाले म्हणजे लाउंजही मिळणार, हा समज तेव्हापासून अनेकांना महागात पडला आहे.

सगळ्यात मोठा गुंता कोडशेअरचा. विमान एकाचं, तिकिटावरचा क्रमांक दुसऱ्याचा. मग माइल्स कोणाच्या नियमाने द्यायचे? पुण्याच्या लोहगाव विमानतळावरच्या प्रवाशांनी याचा सुखद नमुना पाहिला आहे. २००८ मध्ये पुणे–फ्रँकफर्ट ही लुफ्तान्साची सेवा सुरू झाली, तेव्हा विमान आणि वैमानिक प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचे होते. ती कंपनी कुठल्याही अलायन्समध्ये नव्हती. तिकिटावर अक्षरं लुफ्तान्साची, एलएच, म्हणून माइल्स नेहमीसारखे जमा होत. उलट बाजूचं उदाहरण एअर इंडिया एक्सप्रेसचं. ती एअर इंडियाचीच उपकंपनी, नावही तेच, पण स्टारची सदस्य नाही. म्हणजे शेपटावर रंगवलेलं नाव बघून काहीच ठरवता येत नाही. एखादी योजना विमान कोण उडवतं ते पाहते, दुसरी क्रमांक कोणाचा ते पाहते, आणि अलायन्सबाहेर सामाईक नियमावली नसल्याने दर करारागणिक उत्तर बदलतं.

त्यात भर तिकिटावरच्या एका अक्षराची. हे अक्षर भाड्याचा वर्ग सांगतं, आणि अंतराच्या किती टक्के माइल्स मिळणार ते त्या वर्गावर ठरतं. पुणे–दिल्ली अंतर साधारण ७०० मैल. ज्या वर्गाला शंभर टक्के दर, त्याला ७०० माइल्स. पंचवीस टक्केवाल्याला १७५. सर्वांत स्वस्त वर्गांना बऱ्याचदा शून्य. हे अक्षर ई-तिकिटावर 'इकॉनॉमी' शब्दाशेजारी बारीक टायपात असतं आणि त्याचा अर्थ तिकीट विकणारा सांगत नाही. माझ्या मते हा प्रवाशावर सरळ अन्याय आहे. भाडं, कर, सामानाचं वजन सगळं पैसे भरण्याआधी छापता येतं, तर माइल्सचा दरही छापता आला पाहिजे. आज माइल्स पडले नाहीत, तर प्रवाशालाच बोर्डिंग पास आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक घेऊन मागणी करावी लागते, तीही बहुतेक योजनांत सहा महिने ते वर्षभराच्या आत. त्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीच्या नावावर निघालं ते सांगतात: एअर इंडियाचे ०९८, जेटचे होते ५८९.

२०१५ पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या अंतराऐवजी भाड्यावर माइल्स देऊ लागल्या. एअर इंडियाही २०२४ मध्ये त्याच वाटेने गेली. पण दुसऱ्या कंपनीने विकलेल्या तिकिटाचं भाडं आपल्या कंपनीला सहसा कळत नाही. त्यामुळे भागीदारांच्या विमानांसाठी अंतर आणि वर्गाचा जुना हिशेब बऱ्याच ठिकाणी टिकून राहिला. लांब पल्ल्याचं, पण स्वस्तात मिळालेलं तिकीट असेल, तर अलायन्सबाहेरचा भागीदार फायद्याचा ठरतो तो यामुळेच.

१७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. तिची माइल्स योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून शिल्लक बुडाली नाही. त्याच वर्षी ती इंटरमाइल्स नावाने पुढे चालू राहिली. रिकामी जागा काही अंशी विस्तारा या भारतीय कंपनीने भरली. सिंगापूर एअरलाइन्स तिची भागधारक आणि स्वतः स्टारची सदस्य, विस्तारा मात्र बाहेर. डिसेंबर २०२२ मध्ये विस्ताराचं पुणे–सिंगापूर विमान सुरू झालं, तेव्हा सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेच्या खात्यात माइल्स आले ते दोघींमधल्या करारामुळे. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्ताराचं एअर इंडियात विलीनीकरण झालं, विमानांना एआय आणि पुढे २ ने सुरू होणारे चार आकडी क्रमांक लागले, आणि तीच विमानं एका रात्रीत स्टारच्या छत्राखाली आली.

आता लोहगावहून सर्वाधिक उड्डाणं इंडिगोची आहेत. ती कुठल्याच अलायन्समध्ये नाही. स्वतःची ब्लूचिप योजना तिने २०२४ मध्ये आणली. एअर फ्रान्स-केएलएम आणि क्वांटास यांच्याशी तिचे कोडशेअर करार त्याआधीच झाले होते. अशा करारांत परदेशी खात्यात माइल्स हवे असतील, तर इंडिगोच्या टप्प्यावरही सहसा त्या परदेशी कंपनीचाच क्रमांक तिकिटावर असावा लागतो. तोच टप्पा इंडिगोच्या स्वतःच्या ६ई क्रमांकाने वेगळा काढला, तर खातं रिकामं राहतं.