पीएसपीचं कस्टम फर्मवेअर आलं कुठून?

सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल डिसेंबर 2004मध्ये जपानात आला, तेव्हा त्यातलं 1.00 फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, मेमरी स्टिकवरचा (सोनीच्या मेमरी कार्डावरचा) कुठलाही प्रोग्रॅम डिजिटल सही, म्हणजे सोनीच्या मंजुरीची खूण, न तपासता चालवायचं. हौशी प्रोग्रॅमरांना ही ढिलाई सापडायला वेळ लागला नाही. मार्च 2005मध्ये अमेरिकेत आलेल्या 1.50मध्ये तपासणी होती, पण जूनपर्यंत तिच्यावरही तोड निघाली. एकाच नावाचे दोन फोल्डर करायचे, एकाच्या नावाला टक्क्याचं चिन्ह जोडायचं, की तपासणी फसायची!

पुढची सगळी ओढाताण या 1.50पायी. नव्या गेमच्या यूएमडी (पीएसपीच्या छोट्या) डिस्कसोबतच अपडेट यायचं आणि ते टाकल्याशिवाय गेम सुरू व्हायचा नाही. अपडेट टाकलं तर होमब्रू, म्हणजे लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम आणि एम्युलेटर (जुन्या यंत्रांचे गेम चालवणारे प्रोग्रॅम), बंद. न टाकलं तर नवे गेम बंद. त्यामुळे सुरुवातीची धडपड मागे जाण्याची होती. 2.00मध्ये टिफ प्रकारची चित्रं उघडण्यात एक दोष होता, त्याच्या आधारे 1.50वर परतता यायचं. ऑक्टोबर 2005मध्ये असा डाउनग्रेडर (जुन्या फर्मवेअरवर नेणारा प्रोग्रॅम) असल्याचं सोंग घेऊन एक ट्रोजन, म्हणजे छुपा घातक प्रोग्रॅम, फिरला. त्यानं सिस्टिमच्या फाइली पुसल्या आणि ज्यांनी तो चालवला त्यांचे पीएसपी ब्रिक, म्हणजे विटेसारखे निकामी, झाले.

2006मध्ये डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रॅमरनं हा पेचच मोडीत काढला. सोनीचं नवं फर्मवेअर घ्यायचं, त्यातली तपासणी निकामी करायची आणि सोबत 1.50चा कर्नेलही, म्हणजे सिस्टिमचा गाभाही, ठेवायचा. हेच कस्टम फर्मवेअर. एसई, ओई आणि नंतर एम33 या नावांनी त्याच्या आवृत्त्या आल्या. सोनीनं 222 मेगाहर्ट्‌झवर रोखलेला प्रोसेसर त्यात 333वर चालवता यायचा. सोनीनं स्वतः ती मुभा गेमना दिली 2007च्या 3.50मध्ये. मेमरी स्टिकवरून डिस्कच्या प्रतीही चालायच्या. बहुतेकांना त्याच हव्या होत्या, उगाच होमब्रूच्या आड लपण्यात अर्थ नाही.

ऑगस्ट 2007मधली पँडोरा बॅटरी हा मला यातला सर्वांत मजेदार भाग वाटतो. पीएसपीच्या बॅटरीत छोटी चिप असते आणि तिच्यात अनुक्रमांक. तो 0xFFFFFFFF केला की यंत्राला वाटतं, आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत! मग ते आतली फ्लॅश मेमरी सोडून थेट मेमरी स्टिकवरून सुरू होतं. अनुक्रमांक बदलायला आधीच हॅक केलेला दुसरा पीएसपी लागायचा. नसला तर काही जण बॅटरी फोडून चिपची एक पिन उचलायचे. दुरुस्तीसाठी सोनीनंच ठेवलेल्या या वाटेनं ब्रिक झालेले पीएसपीही जिवंत झाले.

2008च्या पीएसपी-3000मध्ये सोनीनं ही वाट बुजवली. 2009मध्ये चिकहेन हे नवं हॅक आलं, पुन्हा टिफच्याच दोषावर. पण यंत्र पूर्ण बंद केलं की सगळं पुसलं जायचं, दर वेळी नव्यानं चालवा. खरा निकाल लागला तो पीएस3 या सोनीच्या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलमुळे. डिसेंबर 2010मध्ये पीएस3च्या सहीच्या पद्धतीतली चूक उघड झाली: दर वेळी बदलायला हवा असलेला आकडा सोनी तोच तो वापरत होती. त्यापाठोपाठ 2011च्या सुरुवातीला पीएस3मधून पीएसपीच्या सहीच्या गुप्त किल्ल्याही हाती लागल्या आणि होमब्रूला सोनीची वाटावी अशी सही करता येऊ लागली. जानेवारी 2015मध्ये सोनीनं 6.61 हे शेवटचं फर्मवेअर काढलं. आजची कस्टम फर्मवेअरं प्रामुख्यानं त्यावरच उभी आहेत.