काडीचा गुण की खुंटाचा? अ‍ॅन मॅक्लॅरन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

कोकणात तालुक्याच्या गावीही ‘टेस्ट ट्यूब बेबी’ची पाटी आता नवलाची राहिलेली नाही. त्या पाटीमागची गोष्ट सांगताना सुरुवात बहुधा २५ जुलै १९७८ ला, जगातली पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ लुईस ब्राउन हिच्या जन्मापासून होते. मी मात्र वीस वर्षं मागे, उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी जातो. तिथे चाललेला वाद आपल्याकडच्या कुठल्याही कलमवाल्याला लगेच कळेल.

पावसाच्या तोंडावर बाठा रुजून कोवळी तांबूस पानं फुटली की रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी आत बसवून पट्टी गुंडाळायची. खुंट, म्हणजे खालचं रोप, रायवळाचा असला तरी फळ हापूसचंच धरतं. पण झाड वाढतं कसं, किती उंच जातं, यात खुंटाचाही हात असतो.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन मॅक्लॅरन (१९२७–२००७) यांनी जन्मभर प्राण्यांमध्ये याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. योगायोग असा की त्या स्वतःही बागवाल्या घरातल्या. वेल्समधली बॉडनंटची प्रसिद्ध बाग त्यांच्या वडिलांच्या घराण्याची. ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र शिकून त्यांनी लंडनमध्ये आनुवंशिकीचे नामांकित अभ्यासक जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या हाताखाली काही काळ काम केलं. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. तोवर मॅक्लॅरन उंदरांत पुरत्या रमल्या होत्या.

डोनाल्ड मिकी यांच्यासोबत त्यांनी उंदरांचे दोन वाण घेतले. एकाच्या कमरेत बहुतेक वेळा पाच मणके, दुसऱ्याच्या सहा. संकर केला तर पिल्लं आईच्या वळणावर जात, बाप कुठल्याही वाणाचा असो. मग हे आईच्या बीजातून येतं की तिच्या कुशीतून? उलगडा करायला त्यांनी एका वाणाचे भ्रूण दुसऱ्या वाणाच्या मादीत रुजवले. मणक्यांची संख्या कुशीकडे झुकली. म्हणजे इथे खुंटच बोलला! आनुवंशिकीच्या अभ्यासकानेच गुणसूत्रांबाहेरचं हे उत्तर शोधावं, याची मला अजून गंमत वाटते.

१९५८ मध्ये जॉन बिगर्स यांच्यासोबत त्या आणखी पुढे गेल्या. उंदराचे सुरुवातीचे भ्रूण दोनेक दिवस काचेत वाढवले, मग मादीच्या गर्भाशयात सोडले आणि जिवंत पिल्लं जन्मली. शरीराबाहेर राहिलेला भ्रूण पुन्हा कुशीत नांदू शकतो, हे त्यातून दिसलं. माणसात ते साधायला आणखी वीस वर्षं गेली. लुईसनंतर ७० दिवसांनी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून अशीच टेस्ट ट्यूब बेबी दुर्गा जन्मली, पण त्यांच्यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ ला.

एडिंबरोतली पंधरा वर्षं मागे टाकून १९७४ मध्ये मॅक्लॅरन लंडनला आल्या. आता त्यांचं लक्ष आद्य जननपेशींवर होतं. या पेशी भ्रूणात भलतीकडेच तयार होतात आणि वाट काढत भावी अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या जागी पोचतात. तिथे पोचल्यावर बीजांड व्हायचं की शुक्रपेशी, हे त्या पेशीची स्वतःची गुणसूत्रं ठरवत नाहीत. अंडाशयाच्या शेजारात पडलेली एक्स-वाय, म्हणजे नर गुणसूत्रांची, पेशीही बीजांडाच्या वाटेला लागते. पुन्हा खुंटच.

स्टेम सेलचा, म्हणजे मूलपेशींचा, विषय इथेच येऊन मिळतो. १९८१ मध्ये इव्हान्स आणि कॉफमन यांनी केंब्रिजमध्ये उंदराच्या भ्रूणापासून कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या मूलपेशी वाढवल्या. १९९२ मध्ये तशाच पेशी आद्य जननपेशींपासूनही मिळाल्या. त्याच वर्षी मॅक्लॅरन निवृत्त झाल्या, म्हणजे कागदोपत्री. केंब्रिजला जाऊन त्यांनी प्रयोग चालूच ठेवले.

मधल्या काळात कायद्याचं कामही त्यांच्या वाट्याला आलं. मानवी भ्रूणांवरच्या उपचार-संशोधनाचे नियम सुचवायला ब्रिटिश सरकारने १९८२ मध्ये नेमलेल्या वॉर्नॉक समितीला भ्रूण म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी समजावून दिलं. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, ही मर्यादा तिथून आली आणि १९९० च्या ब्रिटिश कायद्यात उतरली. साधारण त्या सुमारास भ्रूणावर शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते. त्यानंतर एकाचे दोन, म्हणजे जुळे, होत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच अट आहे: चौदा दिवस किंवा ती रेघ, यातलं जे आधी येईल ते.