समुद्र एकीकडचा, आभाळ दुसरीकडचं

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर फोटो काढायला उभं राहिलं की दोनपैकी एक होतंच. एकतर आभाळ मस्त केशरी येतं आणि समुद्र काळाठिक्कर, नाहीतर ओल्या वाळूवरची चमक बरोब्बर पकडली जाते आणि आभाळ पांढरंफटक. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे सूर्य बरोबर समोर. मग ग्रुपमधला एकजण म्हणतो ॲपमध्ये आभाळ बदलून टाक ना, आणि दुसरा नाक मुरडतो की हे काय, पूर्वीचे लोक बघा कसे खरे फोटो काढायचे! मी पण बरीच वर्षं त्या दुसऱ्याच्या बाजूने होतो, ल ग्रेबद्दल वाचेपर्यंत.

गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच माणूस, आधी चित्रकार, मग फोटोग्राफर. १८५६ ते १८५८ च्या दरम्यान त्याने नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर लाटांचे फोटो काढले. त्या काळात कोलोडियनची ओली प्लेट वापरायचे, म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, ते वाळायच्या आत फोटो काढायचा आणि लगेच तिथेच डेव्हलपही करायचा, सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, त्यामुळे अंधारा तंबू बरोबर घेऊनच फिरायचं. ही प्लेट मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद द्यायची. म्हणजे निळं आभाळ भसकन जळून पांढरं आणि हिरवी झाडं काळी. समुद्र नीट यावा म्हणून जितका वेळ एक्स्पोजर द्यायचं, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा, तितक्यात आभाळातले ढग साफ गायब.

ल ग्रेने काय केलं, तर समुद्राची एक निगेटिव्ह घेतली आणि ढगांची दुसरीच, वेगळ्या वेळी, कधी वेगळ्या जागी काढलेली. छापताना कागदावर आधी एक अर्धा झाकून दुसरा छापायचा, मग उलटं. जोड कुठे? क्षितिजावर. इथेच गंमत आहे बघा. समुद्राचं क्षितिज म्हणजे सरळ रेघ, तिथे जोड लपतो. तेच समोर झाडं किंवा डोंगराचे सुळके असते तर पानापानातून जोड दिसला असता. भूमध्य समुद्रावरच्या सेत गावच्या किनाऱ्यावरचा त्याचा तो मोठ्या लाटेचा फोटो याच पद्धतीचा, आणि त्याच्या काही फोटोंमध्ये तर तेच ढग वेगवेगळ्या समुद्रांवर दिसतात! १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात या लाटेची एक प्रिंट पाच लाख पौंडांच्या वर गेली, तेव्हाचा तो रेकॉर्ड होता. ल ग्रेला मात्र जिवंतपणी कर्जापायी पॅरिस सोडावं लागलं आणि तो कैरोत वारला, असो.

सगळंच जोडकाम नव्हतं हां. १८५६ चा जहाजाचा फोटो एकाच निगेटिव्हचा आहे, सूर्य समोर ढगाआड, त्याने समुद्र आणि ढग दोन्हीला झेपेल असं छोटं एक्स्पोजर दिलं, बाकी सगळं काळोखात गेलं आणि लोकांना तो चांदण्यातला फोटो वाटला. आज आपण सूर्यासमोर एक्स्पोजर खाली खेचून सिल्हूट, म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या, काढतो ते हेच.

तिकडे अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स हा फोटोग्राफर १८६१ मध्ये १८ बाय २२ इंचाच्या काचेच्या प्लेटा खेचरांवर लादून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत पोचला. एक्स्पोजर लांबलचक, त्यामुळे वाऱ्याने पाणी हललं की प्रतिबिंब गेलंच समजा. पाणी आरशासारखं मिळतं ते सकाळी, वारा सुटायच्या आधी. आपल्याला सगळे सांगतात ना पहाटे तलावावर जा, ते नुसतं सोनेरी उजेडासाठी नाही, भंडारदऱ्याला सकाळी आठनंतर वारा सुटला की कळतं. आणि वॉटकिन्सचे धबधबे दुधासारखे आलेत ती स्टाइल नव्हती, नाइलाज होता. १८७१ नंतर जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्या, पुढे त्या एवढ्या फास्ट झाल्या की लाट थिजवता यायला लागली. आणि आता आपण पैसे मोजून दहा स्टॉपचा एनडी फिल्टर घेतो, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारी गडद काच, जी १/६० सेकंदाचं एक्स्पोजर १६-१७ सेकंदांवर नेतो, म्हणजे वॉटकिन्सचा नाइलाज विकत घेतो! पावसाळ्यात लोणावळ्याला प्रत्येक ओहोळाचं दूध करून टाकतात लोक, मला तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास पाण्याचे धागे दिसतात तेच बरं वाटतं.

आभाळ आवरायचा दुसरा उपाय म्हणजे कॅमेऱ्यातच त्याचा उजेड अडवायचा. घोड्यांच्या फोटोंमुळे प्रसिद्ध असलेल्या मायब्रिजने १८६९ मध्ये असं आभाळ झाकणारं साधन मांडलं होतं. नंतर फिल्मला सगळे रंग दिसायला लागल्यावर आभाळ जरा आटोक्यात आलं, आणि १९७८ पासून कोकिन कंपनीचे वर गडद-खाली पारदर्शक फिल्टर हौशी लोकांच्या बॅगेत आले. यालाही क्षितिज सरळच लागतं, कडेला डोंगर आला की तोही अर्धा काळा. पोलरायझर या फिरवता येणाऱ्या फिल्टरचं प्रकरण वेगळं, तो उजेड कमी करण्यापेक्षा पाण्यावरची चकाकी काढतो, पण पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशाच्या कोनातून बघितलं तरच पूर्ण. सरळ खाली वाकून तळ दिसायची वाट बघत बसलात तर फिल्टर कितीही फिरवा, काही होत नाही.

क्षितिज कुठे ठेवायचं यावरही किती भांडणं. तिसऱ्या भागाचा नियम, म्हणजे क्षितिज मध्यावर न ठेवता चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवायचं, १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथने लिहिला, तोही चित्रांसाठी, कॅमेरा यायच्या कितीतरी आधी. आणि हिरोशी सुगिमोतो हा जपानी फोटोग्राफर १९८० पासून जगभरचे समुद्र काढतोय, प्रत्येक फोटोत क्षितिज बरोब्बर मध्यावर, वर हवा, खाली पाणी, बास. तिथे तिसऱ्या भागावर रेघ नेली असती तर एकाचं वजन वाढलं असतं, आणि त्याला दोघं सारखेच हवेत.

गेल्या वेळी गुहागरला तोच नाक मुरडणारा मित्र मोबाइलवर सूर्यास्त काढत होता, एचडीआर चालू. फोन एका क्लिकमध्ये कमीजास्त उजेडाच्या कितीतरी फ्रेम घेऊन आभाळ एकातलं आणि पाणी दुसऱ्यातलं असं जोडून देतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ते वेगळं. मग स्क्रीन झूम करून क्षितिजावर जोड दिसतोय का ते शोधत बसला.