दीक्षाभूमीचा बोधिवृक्ष : एक खुलासा

दसरा जवळ आला की नागपुरात हमखास ऐकू येतं, 'याच बोधिवृक्षाखाली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली.' तसं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली ती मोकळ्या मैदानात उभारलेल्या मंचावर, महास्थविर (ज्येष्ठ बौद्ध भिक्खू) चंद्रमणी यांच्याकडून. हा पिंपळ त्या सोहळ्याचा साक्षीदार नव्हे, स्मारक आहे, नंतर लावलेला.

रोप थेट बोधगयेचं, हाही समज चुकीचा. बौद्ध भिक्खू भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाच्या तीन फांद्या आणल्या, त्या इथे लावल्या गेल्या. आता कुणी म्हणेल, मूळ तर गयेचंच ना! हो, पण फार लांबच्या वाटेने. सम्राट अशोकाच्या काळात त्याची मुलगी संघमित्रा हिने गयेच्या वृक्षाची फांदी सिंहलद्वीपाला, म्हणजे श्रीलंकेला नेली, असं परंपरा सांगते. खुद्द बोधगयेतला जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात कोसळला आणि आजचा पिंपळ ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८८१ च्या सुमारास लावला. म्हणजे अनुराधापूरचं झाड त्याच्याहून कितीतरी जुनं, आणि आपला पिंपळ त्याचा वंशज. मला तरी ही हकीकत ऐकीव गोष्टीपेक्षा सरस वाटते.

पान मात्र गावच्या पारावरच्या पिंपळासारखंच, लांब शेपटीचं. जात एकच, त्यामुळे नुसत्या पानावरून वंश सांगता येत नाही.