‘प्रीपोन’ हा शब्द चूकही नाही आणि निव्वळ भारतीय शोधही नाही

‘प्रीपोन असा शब्द इंग्रजीत नाहीच, तो भारतीयांनी पोस्टपोनवरून उगाच पाडला,’ हे विधान इंग्रजी संभाषणाच्या वर्गांतून वर्षानुवर्षे ऐकवले जाते. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

लॅटिनमधील ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्याला ‘नंतर’ या अर्थाचा उपसर्ग लागून पोस्टपोन होते, तर ‘आधी’ या अर्थाचा लागून प्रीपोन. १६व्या शतकातील इंग्रजी लेखनात प्रीपोन ‘समोर ठेवणे’ या अर्थाने आढळते. पुढे तो प्रयोग मागे पडला. ठरलेली वेळ अलीकडे आणणे हा आजचा अर्थ डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका पत्रात सापडतो. धावपळीच्या या युगात, मुख्यतः वकीलवर्गाच्या सोयीसाठी, पोस्टपोनला एक प्रतिस्पर्धी हवा म्हणून आपण हा शब्द घडवत आहोत, असे पत्रलेखकाने त्यात म्हटले होते. (वकिलांना तारीख अलीकडे हवी असते, हे आपल्याकडील पक्षकारांना पटणे कठीण!)

अमेरिकेत हा शब्द रुजला नाही. भारतात मात्र परीक्षा, बैठका आणि विमानांच्या वेळा यांमुळे तो नित्याचा झाला. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात तो ‘भारतीय इंग्रजी’ अशा शेऱ्यासह दिला आहे, आणि तो शेरा वापराचा प्रदेश सांगतो, अशुद्धता नव्हे. त्यामुळे ‘द मीटिंग हॅज बीन प्रीपोन्ड टू मंडे’ हे वाक्य पुण्यातील कार्यालयात निर्दोष आहे. लंडनच्या ग्राहकाला लिहिताना मात्र ‘ब्रॉट फॉरवर्ड’ आणि शिकागोच्या ग्राहकाला ‘मूव्ड अप’ लिहिणे सोयीचे ठरते.