आभासी शिक्षण-परिसर आणि स्थलांतरित नर्सिंग विद्यार्थ्यांचं भाषाशिक्षण

दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या भाषेत नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी कॉलेजच्या ऑनलाइन सिस्टिमवर (म्हणजेच आभासी शिक्षण-परिसरात) भाषेची जी सोय केलेली असते, तिच्याबद्दलची ही नोंद. व्हिडिओ, शब्दसूची, क्विझ, चर्चेचा फोरम, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवणं, हे सगळं एकाच लॉगिनमध्ये असतं.

अशा सिस्टिमची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेचजण १९९० च्या दशकाच्या मध्यावर बोट ठेवतात, तेव्हा कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी वेबसीटी ही ऑनलाइन शिक्षणाची सिस्टिम बनवली, मग ब्लॅकबोर्ड आलं आणि २००२ मध्ये मूडल. दुसरा पक्ष थेट इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या कॉम्प्युटरवरून शिकवणाऱ्या सिस्टिमपर्यंत, म्हणजे साधारण १९६० पर्यंत मागे जातो. हा वाद कोर्टातही गेला होता, कारण २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड कंपनीला अमेरिकेत अशा सिस्टिमवरचं पेटंट मिळालं आणि त्यांनी डिझायर-टू-लर्न या प्रतिस्पर्धी कंपनीवर खटला भरला, २००८ मध्ये ज्यूरीचा निकाल ब्लॅकबोर्डच्या बाजूने लागला पण २००९ मध्ये अपील कोर्टात पेटंटचे दावे टिकले नाहीत. नर्सिंगपुरतं बोलायचं तर प्लेटोचा पक्ष जास्त पटतो, कारण मेरीअ‍ॅन बिट्झर यांनी १९६० च्या दशकातच प्लेटोवर नर्सिंगचे धडे केले होते, त्यात विद्यार्थी मशीनला प्रश्न विचारत विचारत रुग्णाबद्दल माहिती काढायचे.

भाषेच्या बाजूने बहुतेक लिखाण भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या १९७९ च्या मांडणीवर उभं आहे: रोजचं बोलणं वेगळं, अभ्यासाची भाषा वेगळी. पहिलं साधारण २ वर्षांत जमतं, दुसऱ्याला ५ ते ७ लागतात असं म्हणतात, पण हे आकडे शाळकरी मुलांवरून आलेत, मोठ्यांना सरसकट लावू नयेत. शिवाय वॉर्डातली भाषा या दोन्हींत नीट बसत नाही. पाठ्यपुस्तकातलं सगळं समजणारी विद्यार्थिनी ड्यूटी बदलताना भराभर दिलेल्या हँडओव्हरमध्ये (पुढच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवण्यात) किंवा फोनवरच्या तोंडी ऑर्डरमध्ये अडकते, आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं अर्धवट बोलणं तर कुठल्याच पुस्तकात नसतं.

इथेच हे परिसर खरे कामाला येतात. हँडओव्हरचं रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा ऐकता येतं, परिस्थिती-पार्श्वभूमी-अंदाज-शिफारस या एसबार (SBAR, इंग्रजी आद्याक्षरांवरून) क्रमाने स्वतःचा रिपोर्ट बोलून शिक्षकांकडे पाठवता येतो, वर्गात सगळ्यांसमोर चुकायची लाज आड येत नाही. पण भाषेचे धडे वेगळ्या कोपऱ्यात टाकून दिले आणि क्लिनिकल विषयांशी जोडलेच नाहीत तर विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत, आधीच अभ्यास, प्लेसमेंट (हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम) आणि पोटापाण्याची नोकरी यात वेळ कुठे असतो! औषधांच्या डोसचा धडा असेल त्याच आठवड्यात डोस तोंडी सांगायचा, ऐकून खात्री करून घ्यायचा सराव असलेला बरा.

सेकंड लाइफसारख्या ऑनलाइन त्रिमितीय जगातही (२००३ पासून) नर्सिंगचे प्रयोग झाले. आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर उच्चाराचे मार्क सोपवणं मात्र जपून करावं, वेगळ्या धाटणीचं पण स्पष्ट बोलणंही ते चूक धरू शकतं. फोरमवर खऱ्या पेशंटची ओळख पटेल असं काही टाकायचं नसतं, म्हणून सरावाच्या केसेस रचलेल्याच वापरतात.