ट्विन एलएनबी म्हणजे दोन एलएनबी नव्हेत

एका डिशवर दोन सेटटॉप बॉक्स चालवणं हे एक काम. एका डिशवर दोन सॅटेलाइट पकडणं हे दुसरं. सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही गच्चीवर जा, या दोन कामांची सरमिसळ झालेली दिसते. एलएनबी म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसून सिग्नल पकडणारा डबा, आणि ट्विन म्हणजे दोन आउटपुट असलेला एकच एलएनबी. ज्याला ट्विन हवा त्याला दुकानदाराने स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे दोन फाटे करणारा जोड, दिलेला असतो, ज्याला दुसरा एलएनबी हवा त्याने ट्विन आणलेला असतो, आणि ज्याला कुठलाच स्विच लागत नाही त्याच्या हातात डायसेक स्विचचं पाकीट असतं.

एक डिश, एक एलएनबी, एक केबल, एक बॉक्स ही मांडणी सगळ्यांना माहीत आहे. त्यात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. डिश फक्त लहरी गोळा करून एका बिंदूवर टाकते आणि त्या बिंदूवर बसलेल्या एलएनबीला आकाशातली एकच जागा दिसते. म्हणून एलएनबी किती यावर सॅटेलाइट किती हे ठरतं, आणि एलएनबीला आउटपुट किती यावर बॉक्स किती हे ठरतं. ट्विनला खाली दोन आउटपुट असले तरी पुढचं तोंड एकच असतं. खाली आईवडील आणि वर भाऊ, दोघांकडे फ्री डिश असेल तर ट्विन लावा, दोन स्वतंत्र केबल सोडा, काम झालं. पण त्याच ट्विनच्या दुसऱ्या आउटपुटला टाटा प्लेचा बॉक्स जोडून काही मिळणार नाही. फ्री डिश ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ या सॅटेलाइटवर आहे, टाटा प्ले ८३ अंशांवर. त्या एलएनबीला ८३ अंश दिसतच नाही.

मग स्प्लिटर का चालत नाही? खरी गल्लत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. केबलमधून फक्त सिग्नल खाली येतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच केबलमधून बॉक्स वर हुकूम पाठवत असतो. १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभं, म्हणजे व्हर्टिकल पोलरायझेशन (उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरी) देतो, १८ व्होल्ट दिले की आडवं. युनिव्हर्सल एलएनबीत यावर २२ किलोहर्ट्झचा टोन येतो: टोन नसेल तर ११.७ गिगाहर्ट्झच्या खालचा पट्टा, टोन असेल तर वरचा. म्हणजे एका सॅटेलाइटच्या चॅनेलांचे चार गट झाले, आणि एका केबलमधून एका वेळी त्यातला एकच गट खाली उतरतो. आता एका आउटपुटला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले की दोघांचे हुकूम एकाच एलएनबीकडे जातात. वरच्या मजल्यावर कुणी १८ व्होल्टचं चॅनेल लावलं की खालच्या खोलीत चालू असलेलं १३ व्होल्टचं चॅनेल गायब होतं. खालचा माणूस डिश हलवतो, पिन बदलतो, पावसाला दोष देतो. त्यातलं काहीही बिघडलेलं नसतं.

तरीही स्प्लिटरचा गैरसमज टिकून आहे, कारण दोन्ही बॉक्स एकाच गटातलं चॅनेल पाहत असतील तोवर सगळं छान दिसतं. बसवणारा दोन्ही टीव्हींवर एकच चॅनेल लावून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. तपासायचंच असेल तर खालचं चॅनेल चालू ठेवून वरचे सगळे चॅनेल एकामागून एक फिरवून बघा. ही चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

क्वाड म्हणजे चार बॉक्ससाठी चार आउटपुट, बाकी ट्विनसारखंच. क्वाट्रो मात्र घेऊ नका. त्याच्या चार आउटपुटवर ते चार गट कायमचे ठरलेले असतात आणि तो मल्टिस्विचसाठी, म्हणजे ते गट अनेक बॉक्सना वाटून देणाऱ्या डब्यासाठी, असतो.

आता दुसरं काम. फ्री डिशही हवं आणि टाटा प्लेही हवं, तर एकाच डिशवर दोन एलएनबी शेजारी बसवायचे. प्रत्येकाचा बॉक्स वेगळा असल्यामुळे प्रत्येकाची केबल सरळ आपापल्या बॉक्सला जाते. डायसेक स्विच इथे अजिबात लागत नाही. तो लागतो एकाच बॉक्सला दोन्ही सॅटेलाइट आळीपाळीने दाखवायचे असतील तेव्हा. दोन मजले आणि दोघांनाही दोन्ही सॅटेलाइट हवे असतील तर दोन ट्विन, दोन स्विच आणि प्रत्येक बॉक्सला एक केबल लागते.

दोन एलएनबी बसतील की नाही हे सॅटेलाइटमधल्या अंतरावर आहे. ६० सेंटीमीटरच्या नेहमीच्या डिशमध्ये एलएनबी परावर्तकापासून साधारण ३६ सेंटीमीटरवर असतो. नाशिकहून पाहिलं तर ८३ आणि ९३.५ यांच्यात प्रत्यक्ष कोन सुमारे १२ अंशांचा पडतो, म्हणजे दोन एलएनबींच्या मध्यांत साडेसात सेंटीमीटर. मोकळेपणाने बसतात. डीटूएच ८८ अंशांवर आहे. तिथून ९३.५ पर्यंत जेमतेम चार सेंटीमीटर मिळतात आणि नेहमीच्या एलएनबींची तोंडं एकमेकांना घासतात, तिथे बारीक तोंडाचे लागतात. डिश टीव्ही ९५ अंशांवर. ९३.५ पासून एलएनबीचं अंतर जेमतेम एक सेंटीमीटर! दोन एलएनबी एकमेकांत घुसवता येत नाहीत.

यावर बरेच जण डिश दोन्हींच्या मध्ये रोखतात आणि ट्विन लावतात. ६० सेंटीमीटरच्या डिशचा झोत सुमारे तीन अंश रुंद असल्यामुळे दोन्ही सॅटेलाइट त्यात येतातही. पण दोन्हींचा सिग्नल थोडा थोडा कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच पोलरायझेशनमध्ये दोघांचे सिग्नल असतील तर ते जवळपास सारख्याच जोराने येऊन एकमेकांवर आदळतात आणि एकही उलगडत नाही. उन्हाळ्यात जे चॅनेल कसंबसं दिसतं ते श्रावणातल्या झडीत पहिल्यांदा जातं. ९३.५ आणि ९५ दोन्ही हवे असतील तर दुसरी डिश लावा. ती काही महाग नाही, आणि वाया जाणारा वेळ परत येत नाही. सन डायरेक्टचं मात्र उलट आहे. त्याचे ९३.५ वरचे चॅनेल हवे असतील तर फ्री डिशबरोबर एक ट्विन पुरतो.

ऑनलाइन मिळणारे मोनोब्लॉकही टाळा. त्यात दोन एलएनबी आणि स्विच एकाच डब्यात असतात, पण त्यांच्यातलं अंतर कायमचं ठरलेलं असतं, आणि बरेचसे युरोपातल्या १३ आणि १९.२ अंशांच्या जोडीसाठी, ८० सेंटीमीटरच्या डिशवर बेतलेले असतात.

८३ आणि ९३.५ बसवताना शेवटचा घोळ दिशेचा होतो. ९३.५ नाशिकहून आग्नेयेला, सिन्नरच्या अंगाला, क्षितिजापासून ५७-५८ अंश वर आहे. ८३ त्याहून दक्षिणेकडे आणि ६४ अंश उंच. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं तर ९३.५ डाव्या हाताला आणि खाली येतं. डिश सगळं उलटं करते, म्हणून ८३ मधोमध ठेवून फ्री डिशचा एलएनबी लावताना तो उजवीकडे आणि वर न्यायचा. दोन्ही एकाच पातळीत लावून तासभर सिग्नल शोधणारे खूप आहेत. दोन्ही एलएनबी धरणारी पट्टी तिसेक अंश तिरकी ठेवा, आधी मधला एलएनबी पक्का करा, आणि डिशला पुन्हा हात न लावता दुसरा फक्त पट्टीवर सरकवून क्वालिटीचा आकडा वाढवा.